तराजू कोण तोलतं?

नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत काउंटरवर दोन साधनं शेजारी शेजारी असतात. एक काचेच्या पेटीतला काटा, दुसरा कसोटीचा काळा दगड. काटा वजन सांगतो, दगड कस सांगतो. गिऱ्हाईक आकड्याकडे बघतं, भाव विचारतं, पैसे मोजतं. त्या आकड्यावर एवढा भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा, या प्रश्नावर आपल्याकडे आणि ग्रीसमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच कडाक्याचे वाद झाले. त्यातला आपल्याकडचा एक वाद तर अक्षरशः सोनं आणि तराजू हेच उदाहरण घेऊन लढला गेला.

आधी शब्दाकडे बघू. वरणात मिठाचं प्रमाण, शाळेतली प्रमाण भाषा, तहसीलमधून काढलेलं प्रमाणपत्र, आणि दर्शनांमधलं 'प्रमाण', म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन. सगळ्यांच्या मुळाशी 'मा' हा एकच धातू आहे, अर्थ मोजणे. मराठी माणूस 'याला प्रमाण काय?' असं विचारतो तेव्हा तो पुरावाही मागत असतो आणि मापही. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्ञानाचा विचार मोजमापाच्या अंगाने केला, की पुष्कळ गाठी सुटतात.

न्यायदर्शन, म्हणजे तर्काला वाहिलेली भारतीय विचारपरंपरा, चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (विश्वासू माणसाचं सांगणं). बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती दोनच मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. चार्वाकांना फक्त प्रत्यक्ष चालतं. ही यादी परीक्षेसाठी सगळेच पाठ करतात. खरा पेच यादीच्या पुढे आहे आणि तो घातला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला मानते, आणि रामटेकच्या परिसरात, मनसरला, त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात तो विचारतो: वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात म्हणता, मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर त्यालाही आणखी एक लागेल आणि ही साखळी संपणार नाही. प्रमाणाविनाच सिद्ध होतात म्हणाल, तर बाकीच्या वस्तूंनाच प्रमाण का लागावं? आणि दिवा स्वतःलाही उजळतो तशी प्रमाणं स्वतःलाच सिद्ध करतात, असं म्हणाल, तर दिवा स्वतः कधी अंधारात होता की त्याला उजळावं लागावं?

अगदी याच पेचाचा आराखडा ॲरिस्टॉटलकडे सापडतो. प्रत्येक गोष्टीला सिद्धता मागितली तर एक तर अनंत मागे जावं लागतं, नाही तर वर्तुळात फिरावं लागतं. त्याने तिसरी वाट धरली: काही मूळ तत्त्वं सिद्धतेविनाच कळतात. पुढे ग्रीक संशयवाद्यांनी त्या तिसऱ्या वाटेवरही बोट ठेवलं, 'ही तुमची मूळ तत्त्वं म्हणजे नुसतं गृहीतक.' अनंत माघार, वर्तुळ आणि गृहीतक, या तीन भिंतींच्या आत पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा शतकानुशतकं फिरत राहिली.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं; त्यांचं उत्तर एका ओळीचं आहे: 'प्रमेया च तुलाप्रामाण्यवत्'. तराजू हे वजन कळण्याचं साधन, म्हणजे प्रमाण. पण तराजूबद्दलच प्रश्न आला, की तोच प्रमेय होतो, तपासायची वस्तू होतो. भाष्यकार वात्स्यायन हे उलगडून सांगतात: तराजूने सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. वजन ठाऊक असलेल्या त्याच सोन्याने दुसरा तराजू तपासतो, तेव्हा सोनं प्रमाण आणि तो तराजू प्रमेय. प्रमाण ही जात नाही, ते काम आहे. आज ज्याने तोललं, उद्या त्याला पारड्यात बसावं लागतं.

वरवर बघता हे वर्तुळच वाटतं: सोन्याने तराजू, तराजूने सोनं. म्हणून दांडीच्या साध्या तराजूवर हे करून बघायला हवं. रिकामी पारडी टांगली, काटा मधोमध आला, म्हणजे तराजू खरा, असं बहुतेकांना वाटतं. तिथेच फसगत होते. दांडीची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लांब असली, तरी आखूड बाजूच्या पारड्याला थोडा पासंग लावला की रिकामा तराजू समतोल दिसतो. त्याची लबाडी माल ठेवल्यावरच चालू होते. समजा डावी बाजू २० सेंटिमीटर आणि उजवी २०.२ सेंटिमीटर आहे. डावीकडे किलोचं वजन आणि उजवीकडे माल ठेवला, तर सुमारे ९९० ग्रॅम मालातच काटा सरळ होतो. किलोमागे १० ग्रॅमचा फटका, आणि डोळ्यांना सगळं बरोबर.

आता तोच तराजू त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा करता येतो. माल डावीकडे ठेवून तोला, मग तोच माल उजवीकडे ठेवून तोला. खरा तराजू दोन्ही वेळा एकच आकडा देईल. खोटा तराजू एकदा, समजा, ९९० देईल आणि एकदा १०१०. दोष उघडा पडला. इतकंच नाही, या दोन खोट्या आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर ९९९.९५ येतं, आणि तेच मालाचं खरं वजन. दांडीच्या लांबीतली तफावत एकदा मालाच्या बाजूने आणि एकदा मालाच्या विरुद्ध लागते, गुणाकारात ती कटते. बिघडलेल्या साधनाने, दुसरं कुठलंही चोख साधन हाताशी नसताना, आपला बिघाडही सांगितला आणि खरं मापही दिलं. नागार्जुनाच्या प्रश्नाला यापेक्षा ठोस उत्तर मला माहीत नाही. वर्तुळात फिरणं आणि पारडी बदलून तोलणं यात हाच फरक आहे: वर्तुळात तीच साक्ष पुन्हा ऐकू येते, पारडी बदलल्यावर साक्ष बदलू शकते.

तरीही नागार्जुन सहजासहजी हरत नाही, कारण हातातलं किलोचं वजन तरी किलोचं कशावरून? इथे साखळी खरोखर वर चढते. दुकानातलं वजन निरीक्षकाच्या कार्यमानकाशी ताडलं जातं, ते दुय्यम मानकाशी, आणि असं करत करत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमपर्यंत. हा ५७ क्रमांक पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या मूळ ठोकळ्याची प्रत. आणि तो ठोकळा? १८८९ पासून तो व्याख्येनेच एक किलो होता. त्याला तोलायला वर कोणी नव्हतं. ॲरिस्टॉटलची तिसरी वाट, धातूत ओतलेली. शंभर वर्षांत त्याची आणि त्याच्या प्रतींची तुलना झाली, तेव्हा सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत निघाली. ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे ठरवायचा मार्गच नव्हता, कारण व्याख्येनुसार ठोकळा चुकूच शकत नव्हता. जे चुकू शकत नाही त्याच्याकडून दुरुस्तीही मिळत नाही. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून, केली जाते आणि तो ठोकळा आता इतर वस्तूंसारखाच तोलायची वस्तू झाला आहे. प्रमाण होतं, ते प्रमेय झालं. गौतमाच्या सूत्राला एवढा सरळ दाखला मिळायला इतकी शतकं जावी लागली.

यातून संशयाबद्दल एक शिस्त निघते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ साली सगळ्यावर एकदम संशय घेऊन बघितला: इंद्रियं फसवतात, स्वप्न असू शकतं, एखादी दुष्ट शक्ती गणितातही फसवत असेल. त्यातून 'मी विचार करतो' एवढंच उरलं आणि त्यावर पुन्हा इमारत बांधायची. हा प्रयोग धाडसी होता, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण न्यायपरंपरा म्हणते की संशयालाही कारण लागतं. न्यायसूत्रांत संशयाची पाच कारणं मोजून दिली आहेत. सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे दोन वस्तूंचा समान धर्म दिसणं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात शेताच्या धुऱ्यावर उभं काहीतरी दिसतं. खुंट असेल की माणूस? उंची दोघांनाही लागू, म्हणून संशय. हात हलला की निर्णय. उंचीचं ज्ञान पक्कं असल्याशिवाय हा संशय उभाच राहत नाही. म्हणजे संशयाच्या पायाखालीही काही जाणलेलं असतंच. सगळे तराजू एकदम पारड्यात टाकता येत नाहीत, धरायला एक हातात लागतोच.

संशय कुठे घ्यायचा याचा धडा नाग नदीपेक्षा चांगला कोणी देणार नाही. आपण तिला नाला म्हणून टाकतो, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांनी तिचं नदीपण अंधारात अनुभवलं. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असं समजणं हे न्यायग्रंथांतलं अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. आणि त्यावरचा आक्षेपही सूत्रांतच नोंदवलेला आहे: नदी 'रोधा'नेही फुगते, खाली कुठे पाणी अडलं तरीही पातळी चढते. मग अनुमानावर भरवसा कसा ठेवायचा?

वात्स्यायनांचं उत्तर वाचताना असं वाटतं की हा माणूस काठावर उभा राहून लिहितो आहे. ते म्हणतात, शहाणा माणूस नुसत्या वाढलेल्या पाण्यावरून अनुमान करतच नाही. तो प्रवाहाचा वाढलेला वेग बघतो, भरपूर फेस बघतो, वाहत येणारी फळं, पानं, लाकडं बघतो. पाणी पहिल्यापेक्षा वेगळं झालं आहे का ते बघतो. तेव्हाच वर पाऊस झाला म्हणतो. रोधाचं पाणी याच्या उलट वागतं: पातळी चढते पण धार मंदावते, तरंगता कचरा पुलापाशी गोळा होऊन तिथेच घुटमळतो. या दोन पाण्यांवर करायच्या गोष्टीही वेगळ्या. पहिल्यात वरून आणखी येणार, माणसं आणि गाड्या आधी हलवायच्या. दुसऱ्यात खालचा अडथळा मोकळा करायचा. चूक अनुमानाची नव्हती, हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचं ती खूण, अर्धवट बघण्याची होती. 'पाणी वाढलं' हा हेतूच नव्हे, 'अमुक प्रकारचं पाणी वाढलं' हा हेतू. अनुमान फसलं असं आपण म्हणतो तेव्हा दहांतल्या नऊ वेळा हेतूचं वर्णन ढिलं असतं.

कळमन्याच्या बाजारात याच ढिलाईची गोडशी आवृत्ती मिळते. 'साल केशरी आहे, म्हणजे संत्रं पिकलेलं आणि गोड.' संत्र्याच्या सालीला रंग चढतो तो मुख्यतः थंड रात्रींमुळे. शिवाय हिरव्या फळाला बंद खोलीत इथिलीन वायू दिला तरी साल केशरी होते, आतली साखर मात्र होती तेवढीच राहते. नैयायिक म्हणतील, या व्याप्तीत, म्हणजे 'जिथे हे तिथे ते' या नियमात, 'उपाधी' आहे, एक लपलेली अट आहे. उपाधी ओळखायच्या दोन खुणा: जिथे जिथे साध्य (जे सिद्ध करायचं ते) तिथे तिथे ती असते, पण जिथे जिथे हेतू तिथे ती असतेच असं नाही. झाडावर पूर्ण वाढ होणं ही इथली उपाधी. प्रत्येक गोड संत्र्यापाशी ती आहे, प्रत्येक केशरी संत्र्यापाशी नाही. ग्रंथांतलं उदाहरण आगीवरून धूर ठरवण्याचं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, ती तिथली उपाधी. आकडेवारीत ज्याला छुपा तिसरा घटक म्हणतात, तो पकडायची ही जुनी रीत कोणत्याही पाहणीचा निष्कर्ष वाचताना वापरून बघावी. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात विचारलं की आजवर असं घडलं म्हणून उद्याही घडेल कशावरून. तो प्रश्न चार्वाकांनी आधीच विचारलेला होता. उपाधी शोधत राहणं हे त्याचं पूर्ण उत्तर नव्हे, पण रोजच्या वापराचं उत्तर आहे.

पंचावयवी वाक्याबद्दल, म्हणजे न्यायपरंपरेतल्या पाच भागांच्या युक्तिवादाबद्दल, थोडंच. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय (नियम समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष) हे पाच अवयव म्हणजे ॲरिस्टॉटलचे तीन आणि दोन फालतू, असं अजूनही शिकवलं जातं. ते बरोबर नाही. ॲरिस्टॉटलचा साचा, दोन विधानांवरून तिसरं काढण्याचा, विधानांचा आकार तपासतो. 'सर्व केशरी संत्री गोड, हे संत्रं केशरी, म्हणून हे गोड' हे आकाराने निर्दोष आहे. तरी फोड तोंडात टाकल्यावर चेहरा आंबट होतो. पाच अवयवांतलं उदाहरण तिथे नेमकं प्रत्यक्षाचं दार उघडं ठेवतं: जिथे धूर तिथे आग, 'जशी चुलीपाशी'. एक घडलेला दाखला द्यावाच लागतो आणि समोरच्याला उलटा दाखला शोधायची मुभा मिळते. आकार आणि आशय यांची अशी सरमिसळ केल्याने भारतीय तर्कशास्त्र ग्रीकांसारखं शुद्ध आकारिक झालं नाही, हा तोटाही मान्य करावा. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८७९ मध्ये जे आधुनिक आकारिक तर्कशास्त्र उभं केलं, त्याची वाट ॲरिस्टॉटलकडून जाते.

आता धुराकडे. शहराच्या उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्राचे रुंद, कमरेत आवळलेले मनोरे लांबून दिसतात. हिवाळ्यात सकाळी त्यांच्या तोंडातून पांढरे लोट निघतात आणि बघणारा म्हणतो, 'केवढा धूर! खाली भट्टी पेटली असणार.' ते लोट पाण्याच्या वाफेचे आहेत. कूलिंग टॉवरखाली भट्टी नसतेच, तिथे गरम पाणी गार होतं. धूर निघतो तो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून. फरक ओळखायचा तर लोटाचं शेपूट बघावं: वाफ थोडं अंतर जाऊन हवेत विरते, धूर पातळ होत दूरवर टिकतो. थंड हवेत वाफ उशिरा विरते, म्हणून हिवाळ्यात लोट लांब दिसतो.

धर्मकीर्तीने ही चूक नाव देऊन नोंदवली आहे. वाफ की धूर याची शंका असताना त्यावरून आग सिद्ध करायला जाणं म्हणजे 'संदिग्धासिद्ध' हेतू. पण पुढची गंमत अशी की निष्कर्ष खरा आहे! केंद्राच्या बॉयलरमध्ये खरोखर कोळसा जळतो आहे. बघणाऱ्याला आग आहे असं वाटतं, आग आहे, त्याच्यापाशी कारणही आहे. मग त्याला 'कळलं' म्हणायचं का? एडमंड गेटियरने १९६३ मध्ये तीन पानांच्या निबंधात याच तऱ्हेची उदाहरणं देऊन, खरी आणि समर्थन असलेली समजूत म्हणजे ज्ञान, या व्याख्येला सुरुंग लावला. आपल्याकडे आठव्या शतकातच बौद्ध आचार्य धर्मोत्तराने दिलेलं उदाहरण असं: मांस भाजायला नुकतीच आग पेटवली, धूर अजून नाही, पण वासाने किड्यांचा थवा जमला. लांबच्या माणसाला तो थवा धूर वाटला आणि त्याने आग ओळखली. आग खरी, ज्ञान नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने आणखी साधं केलं: मुठीत किती कवड्या? कोणी उगीच 'पाच' म्हणालं आणि पाचच निघाल्या.

गेटियरनंतर व्याख्येला चौथी अट, पाचवी अट जोडायची शर्यत लागली. माझं मत असं की अटी जोडून हे भागत नाही. प्रमाणवादी पहिल्यापासून ज्ञानाची वाट विचारतात: कोणत्या साधनाने, त्या साधनात दोष होता का? थवा बघणाऱ्याचं साधनच सदोष होतं, निष्कर्ष खरा निघाला म्हणून साधन सुधारत नाही. रिकाम्या तराजूचा काटा मधोमध येण्यासारखंच ते.

शब्दप्रमाणावर नागपुरात बोलायचं तर दीक्षाभूमी आठवतेच. बुद्धाचं कालाम सुत्त आपल्याकडे वारंवार उद्धृत होतं: ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. त्या यादीत दहा गोष्टी आहेत आणि उद्धृत करताना एक नेहमी गळते. 'केवळ तर्कावरूनही' स्वीकारू नका, असंही तिथे आहे. ते गाळलं की सुत्त सोपं होतं आणि अर्धं होतं. बौद्ध आचार्य शांतरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रह' या ग्रंथात बुद्धाच्या तोंडचा श्लोक येतो: तापवून, कापून, घासून सोनं पारखावं तसं माझं वचन पारखून घ्या, माझ्या मोठेपणावरून नको. तीन परीक्षा का, ते इतवारीतल्या कोणत्याही जुन्या कारागिराला विचारावं. कसोटीवर घासलं की वरच्या थराचाच रेघोटा उमटतो, मुलामा तिथे पास होतो. कापलं की आतला धातू दिसतो. तापवलं की आत मिसळलेला हिणकस भाग उघडा पडतो. प्रत्येक परीक्षा आधीच्या परीक्षेची पळवाट बंद करते. एकच परीक्षा तीनदा करून हे साधलं नसतं.

मग थांबायचं कुठे? नैयायिक उदयनाचार्य म्हणतात, 'व्याघातावधिराशङ्का', शंका स्वतःच्या वागण्याला विरोध करू लागली की संपली. जेवल्याने भूक भागते का अशी शंका काढणारा दुपारी ताटावर बसतोच. श्रीहर्षाने त्यांचाच श्लोक एकदोन शब्द बदलून उलटवला: विरोध दाखवायला तरी शंका जिवंत लागते, मग विरोधाने शंका संपते कशी? हा वार चोख आहे आणि तो पूर्णपणे परतवला गेला असं मला वाटत नाही. मीमांसक कुमारिल भट्टांचं म्हणणं अधिक व्यवहारी आहे. ज्ञान आधी ग्राह्य धरा. दोष दिसला तर तपासा. तीन-चार ज्ञानांपलीकडे जायची गरज पडत नाही.

वजनमाप खात्याचा हिशोबही जवळपास असाच चालतो. वजनं आणि दांडीचा तराजू दर दोन वर्षांनी तपासून मुद्रांकित करून घ्यायचा, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. मधल्या काळात रोज शंका काढायची नाही, पण काटा पडला, दुरुस्त केला, तर तारखेची वाट न बघता पुन्हा तपासायचा. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. त्यावर पुढच्या पडताळणीची तारीख असते.